मंजुळाचे रिकामे हात

एका गावात एक नियम होता आणि त्या नियमाला ‘का?’ विचारायची सोय नव्हती.

गाव कासारांचं. घरोघर काचेच्या बांगड्यांची भट्टी. नियम असा, की उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत कासाराच्या घरात कुणी रिकामे हात मांडीवर ठेवून बसायचं नाही. बसायचंच असेल तर हातात दोरा हवा, बांगडी हवी, काहीच नसेल तर केरसुणी हवी. हात रिकामा राहिला की घरातलं सौभाग्य उठून जातं, असं थोरले कासार सांगत. त्यांना ते त्यांच्या थोरल्यांनी सांगितलं होतं. आणि त्या थोरल्यांना कुणी सांगितलं, असं विचारणाऱ्या पोरीच्या पाठीत धपाटा बसत असे.

असे धपाटे गावात सगळ्यात जास्त मंजुळाने खाल्ले होते.

मंजुळा ही थोरल्या कासारांची नात. नाव मंजुळा, आवाज मात्र असा, की ती अंगणात बोलली तर नदीपलीकडच्या म्हशी माना वर करून बघत. लोकांचा राग नाकावर असतो, हिचा हातात असे. रागात तिने घडा ठेवला की घडा फुटे, कडी लावली की कडी निखळे. आणि कासाराच्या मुलीचा हात असा असून कसं चालेल?

कारण बांगडी विकणं सोपं, भरणं अवघड. समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, बोटं चोळून मऊ करायची, अंगठा आत दुमडायचा आणि मापाची घट्ट बांगडी हाडावरून अशी सरकवायची, की तिला कळूही नये. भरणारीचा हात जरा ताठ झाला की काच दगा देते. तशी बांगडी गेली तरी कासार ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. मंजुळाच्या हातून इतक्या वाढल्या होत्या, की थोरली काकू म्हणे, “या पोरीला बाजारात नेण्यापेक्षा एक बैल नेलेला परवडला. निदान ओझं तरी उचलेल.”

मंजुळाला सोळावं लागलं होतं. त्या वयात कासाराच्या मुलीला माळ मिळत असे. माळ म्हणजे सगळ्या मापांच्या बांगड्या ओवलेली जाड दोरी. ती खांद्यावर आली की मुलगी एकटी गावोगावच्या बाजारांना जायला मोकळी. तिच्याबरोबरच्या सगळ्या मुलींना माळ मिळाली होती. मंजुळा दर बाजाराला काकूच्या मागे टोपली घेऊन चालत होती. तिला जगात दुसरं काही नको होतं, फक्त ती माळ हवी होती.

एका बाजारात एक कुंभारीण बांगड्या भरायला बसली. तिने हात पुढे केला आणि हसून म्हणाली, “बाई गं, तुमच्या काचेपेक्षा आमची मडकी बरी. वर्षभर तरी टिकतात.”

गंमतच होती ती. पण मंजुळाच्या कपाळाची शीर उडाली. तिने कुंभारणीचा हात आवळला आणि बांगडी रेटली. कट्‌ आवाज आला, आणि चिखलाने भेगाळलेल्या त्या मनगटावरून रक्ताचा ओघळ आला.

कुंभारीण ओरडली नाही, भांडली नाही. तिने पदराचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि ती उठून गेली. ती भांडली असती तर मंजुळाने बरोबरीने भांडून ते विसरूनही टाकलं असतं. न भांडता गेलेली ती बाई मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी आल्यावर काकूने शिक्षा सांगितली. “यापुढे माणसाच्या हाताला हात लावायचा नाही. पहाटे भट्टीमागच्या राखेपाशी बसायचं, बांगड्या निवेस्तोवर राखण करायची आणि दोऱ्या वळायच्या.”

भट्टीतून काढलेली बांगडी लगेच कुणी हाताळत नाही. ती गरम राखेत पुरतात आणि सावकाश निवू देतात. लवकर काढली तर वरून साजरी दिसते, पण आतून तिला तडा गेलेला असतो. तर त्या राखेपाशी मंजुळा बसली. दोऱ्या वळल्या. त्या संपल्या. राख अजून गरम होती. वळायला काही उरलं नव्हतं, उठायची परवानगी नव्हती. तिचे हात आपोआप मांडीवर आले आणि डोळे मिटले.

मग काय झालं? काही नाही. डास चावला. काकूचा राग आला. काकूला काय काय सुनवायचं राहून गेलं ते सगळं क्रमाने आठवलं. मग मनगटाला पदर गुंडाळून गेलेली कुंभारीण आठवली. त्या सगळ्या गर्दीत मध्येच एक श्वास आत आला आणि बाहेर गेला, तेवढा मात्र तिला कळला. मग पुढचा कळला. तिसऱ्याला ती पुन्हा काकूशी भांडायला गेली होती.

पण राख कोमट झाल्यावर ती उठली, तेव्हा तिला तिचे हात हलके वाटले. दिवसभर डोक्यावर वाहिलेलं ओझं उतरल्यावर मानेला वाटतं तसे.

दुसऱ्या दिवशी दोऱ्या संपल्यावर ती मुद्दाम बसली. तिसऱ्या दिवशी दोऱ्या बाजूला ठेवून आधीच बसली. काही दिवस छान जात, काही दिवस नुसती चुळबुळ होई. एकदा तर ती बसल्या बसल्या घोरली आणि स्वतःच्याच घोरण्याने दचकून जागी झाली. तरी ती रोज बसत राहिली.

महिना गेला असेल. एकदा जेवताना आई तिच्याकडे बघतच राहिली.

“काय झालं गं आई?”

“काही नाही. हल्ली तू भाकरी चावून खातेस. पूर्वी गिळायचीस.”

खरंच, बरंच काही बदललं होतं. अंथरुणावर पडल्यावर दिवसभराची भांडणं ती पुन्हा भांडत नसे, झोपून जात असे. दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवल्या की कुठलीला तडा आहे हे तिला आवाजावरून ओळखू येई. पूर्वी तिला स्वतःच्या आवाजापुढे कुठला आवाज ऐकूच येत नव्हता. राग मात्र गेला नव्हता. तो येत होता, पूर्वीइतकाच गरम येत होता. पण आता तो येताना दिसत असे. वळणावरची गाडी दिसावी तसा. आणि दिसला, की बाजूला व्हायला क्षणभर मिळे.

आणि मग एका पहाटे थोरल्या काकूने तिला पाहिलं. उजाडलेलं, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर, रिकामे.

काकूच्या किंकाळीने अख्खी आळी जमली.

त्याच दिवशी थोरले कासार आणि दोन म्हातारे पंच ओट्यावर बसले. पंचांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या मंजुळाला तसंच पुढे उभं केलं.

“काय करत होतीस?” थोरल्या कासारांनी विचारलं.

“बसले होते, आबा.”

“बसून काय करत होतीस?”

“श्वास बघत होते.”

एक पंच खोकला येईपर्यंत हसला. “श्वास काय बघायचा? तो आपला येतो नि जातो!”

“म्हणून तर बघायला सोपा,” मंजुळा म्हणाली.

“बरं, देवाचं नाव तरी घेत होतीस का?”

“कधी घेते. कधी नुसतीच बसते.”

“नुसतीच!” काकूने पदर तोंडाला लावला. “ऐकलंत? दिवसाउजेडी, नुसतीच! घरात पाच सवाष्णी आहेत, त्यांचा तरी विचार करायचा!”

“आबा, एक विचारू?” मंजुळा म्हणाली. “भट्टीतून काढलेली बांगडी तुम्ही लगेच का विकत नाही?”

“खुळी का तू? राखेत निवायला नको? तडा जाईल.”

“मग माणूस? माणूस दिवसभर तापतो. त्याने कुठे निवायचं?”

“माणूस म्हणजे काच नव्हे.”

“हो ना! काचेला तुम्ही अख्खी पहाट देता. मला घटकाभर देत नाही. मी काय काचेपेक्षा स्वस्त आहे? आणि हा नियम केला कुणी? का केला? एकदा तरी कुणी सांगाल का?”

बोलता बोलता तिचा आवाज चढला. हातातला पाण्याचा तांब्या तिने ओट्यावर असा आदळला, की त्याला पोचा आला.

थोरल्या कासारांनी तांब्या उचलला, फिरवून पाहिला आणि पंचांना दाखवला. “हे बघा हो. हेच का ते निवणं?”

सगळे हसले. मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण टोमणा खरा होता.

“ऐक,” थोरले कासार म्हणाले. “चार दिवसांनी माळ्याच्या हौसाचा लग्नाचा चुडा भरायचा आहे. काकूबरोबर टोपली घेऊन जा. परत आलीस की तुला एकच विचारू. हे बसणं सोडणार असशील, तर माळ खांद्यावर घेऊन जा. नसशील, तर जन्मभर राख चाळ. काय ते ठरव.”

चार दिवस मंजुळाने ठरवायचा प्रयत्न केला. माळ तर हवीच होती. पण सकाळी राखेपाशी बसली की वाटे, हे सोडलं तर माळ कुठल्या हातांनी सांभाळू? पुन्हा त्याच जुन्या? ठरवणं काही झालं नाही आणि चुड्याचा दिवस उजाडला.

माळ्याच्या अंगणात मांडव होता, हळदीचा वास होता आणि बायकांची ही गर्दी. हौसा पाटावर बसली होती. तिच्याभोवती दोन्ही घरच्या बायका होत्या आणि सगळ्यांच्या पुढे नवरदेवाची आत्या. या आत्याबाईंना शकुन-अपशकुनाचं इतकं कळे, की मांजर आडवं गेलं तर ते कुणाच्या घरचं आहे हेही त्या विचारून ठेवत.

काकूने हौसाचा हात घेतला. वीस वर्षं हजारो हात भरलेली बाई ती. पण हौसाची मूठ उघडेचना. बोटं काकडीसारखी गार आणि कडक. काकूने तेल लावलं, चोळलं, अंगठा दुमडला आणि पहिली हिरवी बांगडी सरकवली. अंगठ्याच्या हाडापाशी ती वाढली.

“असू दे, असू दे,” बायका म्हणाल्या.

दुसरीही वाढली. आता बायका पुढे सरकल्या.

“अगं सैल सोड ना हात!” हौसाची मावशी ओरडली. कुणीतरी तिचा खांदा दाबला, कुणीतरी कोपर धरलं, कुणीतरी म्हणालं जरा मोठ्या मापाची घ्या, लगेच दुसरी म्हणाली ढिला चुडा नवरीला शोभतो का? सगळ्या मिळून जितक्या ‘सैल सोड’ म्हणत, तितकी मूठ घट्ट होत गेली. तिसरी बांगडी वाढली.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. “तीन झाल्या. मी अजून काही बोलले नाही. पण चौथी वाढली तर आमची गाडी जुंपायला सांगते. अशा हाताची सून आमच्या घरात नको.”

हौसाच्या आईने आत्याबाईंचे पाय धरले. हौसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण मूठ काही सुटली नाही. काकूने चौथी बांगडी उचलली आणि खाली ठेवली.

“मंजे,” ती कुजबुजली, “माझा हात चालेना गं.”

मंजुळाला आत्याबाईंचा असा राग आला, की कानशिलं तापली. काय बोलायचं ते शब्द जिभेवर तयार होते, आणि शब्द चांगले झणझणीत होते. पण राग येताना तिला दिसला. तिने एक श्वास घेतला. मग दुसरा. समोर आत्याबाई होत्या तशा हौसाही होती, आणि काम हौसाचं होतं.

ती काकूच्या जागी बसली. तिने बांगडी घेतली नाही. हौसाचा हातही घेतला नाही. भर मांडवात, भर उजेडात, सगळ्यांच्या देखत तिने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. रिकामे.

“अगं काय करतेस!” काकूचा आवाज फुटला.

“हौसा,” मंजुळा हळू म्हणाली, “मी तुझा हात ओढणार नाही. तू फक्त माझ्याबरोबर बस. डोळे मिट. श्वास येतोय का बघ. येतोय ना? मग जाऊ दे त्याला. पुढचा येईल.”

मांडवात कुजबुज सुरू झाली. मंजुळाने तिकडे लक्ष दिलं नाही. हौसाचा श्वास आधी हुंदक्यांत अडकत होता, मग जरा लांबला. बऱ्याच वेळाने ती डोळे न उघडताच बोलली.

“सकाळपासून सगळ्या नुसत्या मला ओढतायत. इकडे बस, तिकडे बघ, हसू नको, रडू नको. उद्या तर गावच सोडायचंय. मला एकदा जरा थांबायचं होतं गं. कुणी थांबूच देत नाही.”

“थांब की,” मंजुळा म्हणाली. “मी आहे इथे. कसली घाई नाही.”

कदाचित आत्याबाईंनाही आपला चुडा आठवला असेल. त्या सावकाश खाली बसल्या.

थोड्या वेळाने हौसाचा हात आपोआप मंजुळापुढे आला. मूठ सुटली होती. मंजुळाने तो हातात घेतला. पुन्हा तेलही लावावं लागलं नाही. एक बांगडी, दुसरी, तिसरी. एका हातात अकरा, दुसऱ्यात दहा. एकही वाढली नाही. शेवटची सरकली तेव्हा हौसाने डोळे उघडून विचारलं, “सुरू कधी करणार?” आणि अख्खा मांडव हसला.

निघताना आत्याबाईंनी आपला जाडजूड हात पुढे केला. “पोरी, माझ्याही दोन भर,” त्या म्हणाल्या. “पण आधी ते... ते मघाचं करू. घाई नाही मला.”

ऊन कलायच्या आत बातमी कासारांच्या गावात पोचली. मंजुळा परतली तेव्हा ओट्यावर थोरले कासार आणि दोन पंच बसले होते. मध्ये पाटावर नवी कोरी माळ ठेवली होती, लाल, हिरव्या, पिवळ्या बांगड्यांनी भरलेली. मंजुळा थेट तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

“चांगलं काम केलंस,” थोरले कासार म्हणाले. “गावाची लाज राखलीस. ही माळ तुझी.”

मंजुळा वाकली. तिचे हात माळेपर्यंत पोचले.

“फक्त एवढंच,” ते पुढे म्हणाले, “कुणी विचारलं तर सांगायचं, देवीच्या कृपेने चुडा भरला. ते बसण्याबिसण्याचं बोलायचं नाही. आणि उद्यापासून ते बंद. एकदा चाललं म्हणून रोज चालवून घेणार नाही. नियम तो नियम.”

मंजुळा सरळ उभी राहिली. हात मागे घेतले.

“देवीची कृपा मी नाकारत नाही, आबा. पण बसणं मी सोडणार नाही.”

“मग माळ नाही.”

“नको.”

“नको?” एक पंच पुढे सरकला. “अगं, या माळेसाठी सोळा वर्षं डोकं खाल्लंस आमचं!”

“हवी तर आहेच,” मंजुळा म्हणाली. “आताही हवी आहे. पण माझ्या हाताने एका बाईचं रक्त काढलं होतं. त्याच हाताने आज एका मुलीचा चुडा भरला. मधे काय झालं ते मला माहीत आहे. ते मी लपवणार नाही आणि सोडणार तर नाहीच. उद्या सकाळी मी बसणार. मग बाजारात जाणार. माळ दिलीत तर माळ घेऊन, नाहीतर टोपलीत चार बांगड्या घेऊन. आधी त्या कुंभारणीकडे जाईन. आणि तुम्ही अजूनही सांगितलेलं नाही, आबा, की नियम का आहे. कारण सांगा, मी ऐकेन. कारण नसेल, तर मी ऐकणार नाही.”

ती ओरडली नव्हती. आवाज एवढाच होता, की ओट्यावरच्या माणसांना नीट ऐकू यावा.

म्हातारे तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. ओरडणाऱ्या मुलीला काय म्हणायचं, हे त्यांना पाठ होतं. उर्मट म्हणायचं, तांब्याचा पोचा दाखवायचा, हसायचं. थोरल्या कासारांनी एका पंचाकडे पाहिलं, त्याने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने नुसता घसा खाकरला. मंजुळा उत्तरासाठी थांबली. तिला घाई नव्हती.

ओट्यावर कुणाकडेच कारण नव्हतं.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: रोज थोडा वेळ स्वतःपाशी शांत बसणाऱ्याचा राग मरत नाही, तो त्याच्या ताब्यात येतो. आणि ज्याचा राग त्याच्या ताब्यात असतो, त्याचं ‘नाही’ हसून उडवता येत नाही.